लाइफ कुठे लिहिलेली असते?

'सुपर मारिओ ब्रदर्स' सुरू केला की पडद्यावर तीन लाइफ दिसतात. यंत्राच्या मेमरीत त्याच वेळी २ हा आकडा असतो; दाखवण्याआधी प्रोग्राम त्यात एक मिळवतो. वेळेची तऱ्हा आणखी वेगळी. पडद्यावर ४०० दिसतात, पण मेमरीत ४०० कुठेच नसतात, कारण तिथल्या एका घरात २५५ च्या वरचा आकडा मावतच नाही. ४, ० आणि ० असे तीन सुटे अंक शेजारशेजारच्या तीन घरांत बसवलेले असतात. त्यामुळे पडद्यावर जे दिसतं तेच शोधत मेमरीत शिरणारा हात हलवत परत येतो. 'मघापेक्षा आता काय कमी झालं?' असं विचारत जाणाऱ्याला मात्र माल सापडतो. या पुस्तकातलं सगळं शिक्षण त्या एका प्रश्नाच्या आधाराने चालतं.

जुन्या गेम कन्सोलचे इम्युलेटर कसे वापरायचे आणि त्यांवर स्वतःचे चीट कोड कसे तयार करायचे, हा पुस्तकाचा विषय. ऐकायला तो अभ्यास चुकवून करायच्या उद्योगांपैकी वाटतो, आणि बऱ्याच घरांत तो तसाच सुरू होतो. पण दुसऱ्याने दिलेला कोड वापरणं आणि नवा कोड शोधून काढणं यांत फार अंतर आहे. शोधणारा माणूस दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचत असतो. त्याच्यासमोर मूळ मजकूर नसतो, लिहिणाऱ्याची मदत नसते. असतं ते फक्त निरीक्षण. दुसरी गोष्ट आपल्या भागाची. कळवा, ठाणे, डोंबिवली, कल्याण इथल्या घरांत जे गेम आले, त्यांतले कितीतरी आधीच कुणीतरी असे वाचून, आतले आकडे बदलून पाठवलेले होते. चीट कोड पोटात घेऊनच आलेल्या कॅसेटवर आपली एक पिढी वाढली आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. या दोन गोष्टी एकत्र मांडाव्यात म्हणून हे पुस्तक लिहिलं.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. दोन वर्षांनी तोच रूप बदलून अमेरिकेत गेला आणि एनईएस झाला. त्याच्या पोटातला रिकोह कंपनीचा प्रोसेसर ६५०२ या गाजलेल्या चिपच्या घराण्यातला. वेग सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके. चित्र रंगवायला वेगळी चिप. गेम स्वतः कॅसेटमधल्या रॉममध्ये, कायमचा कोरलेला. चालू खेळाची नोंद ठेवायला मात्र मेमरी फक्त २ किलोबाइट, म्हणजे २०४८ घरं. मारिओ कुठे उभा आहे, किती नाणी जमली, कासव जिवंत आहे की नाही, सगळा संसार या घरांत चालतो.

वाण्याच्या उधारीच्या वहीत नाव आणि समोर रक्कम असते. इथेही तसंच आहे, फक्त नावं पुसलेली आहेत. उरलेत ते पानांचे क्रमांक आणि रकमा. कोणतं खातं कुणाचं हे ओळखायचं असेल, तर दुकानात आत्ता कोण येऊन गेलं ते बघायचं आणि लगेच कोणती रक्कम बदलली ते तपासायचं. इम्युलेटर म्हणजे संगणकावर चालणारं असं सॉफ्टवेअर, जे जुन्या यंत्राच्या प्रोसेसरची, चित्राच्या चिपची आणि मेमरीची नक्कल करतं. नक्कल आपल्या ताब्यात असल्याने ती हवी तिथे थांबवता येते, एकेका फ्रेमने पुढे नेता येते, आणि मुख्य म्हणजे ती वही उघडून वाचता येते. मूळ यंत्रावर ही सोय नव्हती.

२०४८ ही संख्या मला फार मोलाची वाटते. एवढी घरं माणसाला डोळ्यांखालून घालता येतात. आजच्या साध्या फोनमध्येही अशी घरं अब्जांनी असतात. तिथे नवशिक्याने सुरुवात करायची म्हटलं तर तो पहिल्याच दिवशी कंटाळेल. पुस्तक जुन्या यंत्रापासून सुरू होतं ते यासाठी. जुन्या आठवणींचा आनंद आहेच, पण तो वरचा.

आता हे यंत्र आपल्याकडे कसं आलं ते. कळवा हे ठाणे आणि मुंब्रा यांच्यामधलं स्लो लोकलचं स्टेशन. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर सीमेन्स, मुकंद यांच्यासारखे कारखाने. पाळीवर जाणाऱ्या माणसांच्या चाळींत आणि सोसायट्यांत नव्वदच्या दशकात रंगीत टीव्ही रुळला आणि त्याच्या मागोमाग आला 'टीव्ही व्हिडिओ गेम'. त्यावर निन्टेन्डोचं नाव सहसा नसे. समुराई, मीडिया, लिटिल मास्टर अशी नावं असत. काहींवर तर कसलंच नाव नसे. आत मात्र फॅमिकॉमचीच नक्कल, बहुधा तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांच्या चिपांवर उभी. अस्सल माल किती लांब होता याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शॉ वॉलेसने सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात विकायला घेतलं. तेव्हा आयातकर ८० टक्क्यांच्या घरात होता आणि यंत्राची किंमत होती १८,००० रुपये. कारखान्यातल्या पगारावर चालणाऱ्या घरात ही रक्कम निघणं शक्यच नव्हतं. मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, नाहीतर व्हीटीला उतरून मनीष मार्केट. ज्यांना तेही जमत नसे ते मे महिन्याच्या सुट्टीत सेट भाड्याने आणत आणि कॅसेट आपसांत फिरवत. कॅसेट चालेना की तिच्या पट्ट्यांवर फुंकर मारायची, ही विद्या कुणी कुणाला शिकवली नाही. सगळ्यांना येत होती.

त्या कॅसेटवरचे आकडे आठवा. ७६ इन १, १६८ इन १, पुढे पुढे ९९९९९९९ इन १. मेनूची यादी संपता संपत नसे, पण गेम मोजकेच. तोच मारिओ एका नावाने पहिल्या वर्ल्डपासून, दुसऱ्या नावाने पाचव्यापासून. तोच कॉन्ट्रा एका ओळीत साधी बंदूक घेऊन, दुसऱ्या ओळीत सुरुवातीलाच स्प्रेड गन घेऊन, तिसरीत तीस लाइफ घेऊन. मेनूतली ओळ निवडली की गेम सुरू होण्याआधी मेमरीतल्या एखाददुसऱ्या घरात ठरलेला आकडा टाकला जाई, किंवा रॉममधलाच एखादा बाइट आधी बदलून ठेवलेला असे. हे काम करणाऱ्यांनी गेमचा मूळ मजकूर कधी पाहिला नव्हता. कुठल्या घरात स्टेजचा आकडा राहतो, कुठल्या घरात शस्त्राचा, हे त्यांनी शोधून काढलं होतं. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. चीट कोडच्या इतिहासात त्यांना सहसा जागा मिळत नाही; या पुस्तकात ती दिली आहे, कारण आपल्याकडच्या मुलांशी या विद्येची पहिली गाठ त्यांच्यामार्फतच पडली.

घराबाहेर पार्लर होते. अंधाऱ्या गाळ्यात चार-सहा मशिनं, टोकन टाकायचं आणि मागे पोरांचा घोळका. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आपल्याकडे त्यातल्या एका गड्यामुळे 'मुस्तफा' म्हणूनच चालला. 'किंग ऑफ फायटर्स ९७' ची गादी त्याच्या शेजारी. अशा मशिनांच्या बोर्डावर बारीक स्विच असत किंवा आत मालकापुरता एक मेनू असे. गेम किती कठीण ठेवायचा, टोकनामागे लाइफ किती द्यायच्या हे त्यावरून ठरे. थोडक्यात, चीट पार्लरमध्येही होतं, फक्त ते मालकाच्या हातात होतं.

आणखी एक गोष्ट इम्युलेटर हाती येईपर्यंत आपल्या लक्षात येण्यासारखी नव्हती. जपान-अमेरिकेचा एनटीएससी पद्धतीचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवी, आपला पाल पद्धतीचा ५०. निन्टेन्डोने युरोपसाठी वेगळं यंत्र बनवलं. पाल देशांसाठी बनलेल्या तैवानी नकलांनी तिसरी वाट काढली: प्रोसेसरचा वेग जपानी यंत्राच्या जवळपास ठेवायचा आणि चित्रं तेवढी ५० करायची. परिणामी जपानी गेम त्यांवर बिनतक्रार चालत, संगीताचा सूरही जवळपास तोच राही, पण खेळाची आणि संगीताची लय सहाव्या हिश्श्याने संथ होई. १९९२ मध्ये रशियात विकायला आलेल्या 'डेंडी' या नकलेमुळे इम्युलेटरांमध्ये या पद्धतीला डेंडी हेच नाव पडलं आहे. एफसीईयूएक्ससारख्या इम्युलेटरमध्ये एनटीएससी, पाल आणि डेंडी असे तीन पर्याय दिसतात. 'लहानपणी हा गेम एवढा अवघड नव्हता' असं वाटणाऱ्याने तिसरा पर्याय निवडून बघावा. वयाचा दोष असेलच, पण सगळा नसेल.

चीट कोडचा मोठा इतिहास पाहिला तर त्यात चार घराणी दिसतात. पहिलं घराणं गेम लिहिणाऱ्यांनीच ठेवलेल्या चोरदारांचं. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे 'ग्रेडियस' फॅमिकॉमवर आणण्याचं काम होतं. चाचणी करताना गेम त्यांनाच झेपेना, म्हणून त्यांनी वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए अशी खूण आत घातली आणि ती १९८६ च्या विक्रीच्या कॅसेटमध्ये तशीच राहिली. १९८८ च्या 'कॉन्ट्रा'मध्ये त्याच खुणेने तीस लाइफ मिळू लागल्या. हाशिमोतो २०२० मध्ये गेले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या बातमीत ही दहा बटणं छापली. पुढे 'व्हाइस सिटी' या गेमच्या काळात कळव्याच्या सायबर कॅफेंत वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणलेले 'पँझर', 'ॲस्पिरिन', 'लीव्हमीअलोन' हे याच घराण्याचे.

दुसरं घराणं मेमरीत थेट आकडा घालणाऱ्यांचं. ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकांवर बेसिक भाषेत त्यासाठी 'पोक' ही आज्ञाच होती. ब्रिटनमधल्या मासिकांत गेमनिहाय पोक छापून येत. तिथला गाजलेला स्पेक्ट्रम हा संगणक डेसिबेल्स कंपनीने भारतातही विकला, पण आपल्याकडे संगणक हीच तेव्हा चैन असल्याने या घराण्याचे शिष्य इथे थोडे झाले. तिसरं घराणं मध्ये बसणाऱ्या उपकरणांचं. ब्रिटनच्या कोडमास्टर्सने १९९० मध्ये 'गेम जीनी' आणला. कॅसेट आणि यंत्र यांच्यामध्ये तो खोचायचा. डेटेलचा 'ॲक्शन रिप्ले' याच जातीचा. अमेरिकेत जीनी विकणारी गलूब कंपनी आणि निन्टेन्डो यांचा वाद कोर्टात गेला. १९९२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने गलूबच्या बाजूने कौल दिला. जीनीमुळे स्वतंत्र टिकणारी नवी कृती तयार होत नाही, आणि विकत घेतलेला गेम घरी आपल्या सोयीने खेळणं हा ग्राहकाचा रास्त वापर आहे, असा त्याचा आशय. चौथं घराणं गेमच बदलून टाकणाऱ्यांचं. आपल्या 'इन १' कॅसेट तिथल्या.

या घराण्यांतला फरक एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मारिओसाठी जीनीचा प्रसिद्ध कोड आहे एस-एक्स-आय-ओ-पी-ओ. जीनीची वर्णमाला सोळा अक्षरांची. प्रत्येक अक्षर चार बिटांचं, म्हणजे सहा अक्षरांत चोवीस बिट. त्यांचा क्रम मुद्दाम उलटसुलट केलेला आहे. तो सरळ केला की सोळाच्या पायावरच्या मोजणीत पत्ता निघतो ९१डी९ आणि तिथे दाखवायचा बाइट निघतो एडी. मूळ रॉममध्ये त्या जागी सीई आहे. ६५०२ च्या भाषेत सीई म्हणजे 'पुढे सांगितलेल्या घरातला आकडा एकने कमी कर', आणि पुढचे दोन बाइट घर सांगतात: ०७५ए. लाइफ राहते ती इथे. एडी म्हणजे 'त्या घरातला आकडा वाच'. मारिओ मरतो, प्रोग्राम नेहमीसारखा या ओळीवर येतो, वजाबाकी करायच्या जागी आकडा नुसता वाचतो आणि पुढे निघून जातो. लाइफ कमी होतच नाही. सहा अक्षरांत बदलला तो एक बाइट.

हेच काम दुसऱ्या रीतीने करता येतं. इम्युलेटरला सांगायचं, ०७५ए या घरात ९ धरून ठेव. प्रोग्राम बिचारा दर वेळी एक वजा करतो आणि इम्युलेटर पुन्हा ९ लिहितो. पहिल्या रीतीत आज्ञा बदलली, दुसरीत आज्ञेचा परिणाम पुसला. दुसरी सोपी आहे, पण तिच्यात खड्डे आहेत. कुणाला वाटेल, ९ कशाला, २०० घालू. तसं केलं तर मारिओ एकदा मेला की खेळ खलास. कारण वजाबाकी केल्यावर प्रोग्राम फक्त एवढंच तपासतो की उत्तर ऋण आहे का, आणि या प्रोसेसरच्या हिशेबात १२८ ते २५५ हे आकडे ऋण धरले जातात. हाव केली की यंत्राच्या लेखी तुम्ही कर्जात. अशा खड्ड्यांपाशी पुस्तक मुद्दाम थांबतं, कारण कोड चालतो तेव्हापेक्षा फसतो तेव्हा प्रोग्राम जास्त समजतो.

इम्युलेटरांचीही घराणी आहेत. मरात फैझुलिन यांनी १९९६ मध्ये आयएनईएस आणला. त्यांनी फाइलच्या सुरुवातीला जोडलेली १६ बाइटांची ओळखचिठ्ठी आजही बहुतेक एनईएस फाइलींवर असते. १९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया यांचा मेम आला, पार्लरच्या मशिनांसाठी. एप्रिलमध्ये नेस्टिकल आला आणि साध्या पेंटियमवर फॅमिकॉम पळू लागला. या पहिल्या पिढीचं दैवत वेग. नक्कल थोडी चुकली तरी चालेल, खेळ अडखळता कामा नये. १९९९ च्या अल्ट्राएचएलईने तर निन्टेन्डो ६४ च्या सगळ्या हालचाली न करता गेमला हवं ते उत्तर थेट देण्याची युक्ती केली. पुढे दुसरं घराणं उभं राहिलं, अचूकतेचं. निअर या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने बीस्नेस लिहिला आणि दाखवून दिलं की ३.५८ मेगाहर्ट्झच्या सुपर निन्टेन्डोची हुबेहूब नक्कल करायला ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो. तिसरं घराणं सगळं एका छताखाली आणणाऱ्या रेट्रोआर्कचं. चौथं मिस्टरसारख्या प्रकल्पांचं, जिथे सॉफ्टवेअरऐवजी चिपच्या आतल्या जोडण्याच जुन्या यंत्रासारख्या मांडतात.

खेळणाऱ्याला यांतलं कुठलंही चालेल. चीट तयार करणाऱ्याला मात्र मेमरी शोधण्याची सोय, खेळ आहे त्या क्षणाला जपून ठेवणारी सेव्ह स्टेट आणि प्रोग्राम आज्ञेगणिक तपासू देणारा डीबगर असलेला इम्युलेटर हवा. एफसीईयूएक्स आणि मेसेन त्यासाठी उत्तम. शोध कसा करायचा? गेम सुरू करून 'आकडा माहीत नाही' असं सांगायचं. एक लाइफ घालवायची, 'कमी झालेली घरं' एवढीच ठेवायची. मग लाइफ न घालवता थोडं चालायचं आणि 'न बदललेली' ठेवायची. पुन्हा एक लाइफ घालवायची. यादी भराभर आटते. उरलेल्या घरांत एकेक करून आकडा लिहून बघायचा. मग डीबगरला सांगायचं, या घरात कुणी लिहायला आलं की थांब. तो थांबतो तिथे वजाबाकीची आज्ञा उभी असते, आणि तुम्ही दुसऱ्या रीतीवरून पहिल्या रीतीवर पोचलेले असता.

या वाचनाला पुढे फाटे फुटले. एकेक फ्रेम थांबवून, चुकलं की मागे जाऊन, गेम तत्त्वतः किती लवकर संपवता येतो हे दाखवणारे लोक आले. २०१६ मध्ये सेथब्लिंग नावाच्या खेळाडूने 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये, मूळ यंत्रावर, नुसत्या कंट्रोलरने हालचाली करत मेमरीत बाइट रचले आणि त्यातून 'फ्लॅपी बर्ड' चालवून दाखवला. रेट्रोअचीव्हमेंट्सवाले हीच घरं वाचतात, पण खेळाडूने पराक्रम केला का हे पाहण्यासाठी. त्यांच्या कडक प्रकारात चीटला बंदी आहे. विद्या तीच.

आपल्याकडची नंतरची पिढी या विद्येला दुसऱ्या दाराने भेटली. टीव्हीवर पोकेमॉन पाहिलेल्या मुलांनी गेम बॉय ॲडव्हान्स डोळ्यांनीही पाहिला नव्हता; त्यांचा पोकेमॉन व्हिज्युअलबॉयॲडव्हान्सवर, पुढे फोनवरच्या माय बॉयवर आला. हवे तेवढे रेअर कँडी मिळवण्याचे कोड त्यांनी उतरवून घेतले आणि ते का चालतात, मध्येच का चालत नाहीत, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. त्यांच्यासाठी पुस्तकाचा बराच मोठा भाग आहे.

कायद्याबद्दल आडपडदा ठेवत नाही. इम्युलेटर लिहिणं आणि वापरणं यात गुन्हा नाही. २००० मध्ये अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अपील न्यायालयाने इम्युलेटरसाठी केलेला तांत्रिक अभ्यास रास्त ठरवला. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षेपुरती प्रत करण्याची आणि प्रोग्राम कसा चालतो हे निरीक्षणाने अभ्यासण्याची सूट देतं. २०१२ च्या दुरुस्तीतून आलेलं कलम ६५ए मात्र हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. निन्टेन्डोने २०२४ मध्ये युझू या इम्युलेटरवर दावा लावला, तेव्हा मुख्य वाद कुलपाचाच होता. निर्मात्यांनी २४ लाख डॉलर मान्य करून काम बंद केलं. गेमच्या फाइली कुठूनही उतरवून घेणं हे यांतल्या कुठल्याच सवलतीत बसत नाही. आपल्या जुन्या कॅसेट मुळातच विनापरवाना असल्याने 'माझीच कॅसेट आहे' हा बचावही लंगडा आहे. म्हणून पुस्तकातले सराव 'नोव्हा द स्क्विरल'सारख्या, छंदापोटी लिहून मोफत दिलेल्या गेमवर बेतले आहेत. त्याचा मूळ मजकूरही खुला आहे, त्यामुळे आपण शोधलेलं घर बरोबर आहे का हे ताडून पाहता येतं. मारिओ आणि कॉन्ट्राची उदाहरणं समजून घेण्यापुरती आहेत.

हे सगळं आत्ता का? एक तर वस्तू संपत चालल्या आहेत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ही अस्सल मालाची कथा. आपल्या नकलांची गणती करायलाही कुणी बसलेलं नाही. दुसरं, साधनं सोपी झाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲपलनेही आपल्या दुकानात इम्युलेटरना दार उघडलं, आणि अँड्रॉइडवर ते कधीचेच आहेत. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मुलांच्या हातातलं यंत्र दिवसेंदिवस बंद पेटी होत चाललं आहे. 'मॉड'च्या नावाखाली फिरणाऱ्या फाइली डोळे मिटून फोनवर टाकल्या जातात. त्यांच्या आत काय आहे हे बघायची सवय कुणाला नाही. पडदा काय म्हणतो आणि आत काय लिहिलंय यांत फरक असू शकतो, हे एकदा स्वतः तपासलेल्या मुलाला अशा फाइलीबद्दल पहिला संशय येईल. पुढे तो सुरक्षा, डीबगिंग किंवा चिपच्या कामात गेला तर ही सवय पगारही मिळवून देईल.

पुस्तकात तयार कोडांच्या याद्या नाहीत. त्या मिळतात आणि वापरून विसरल्याही जातात. ऑनलाइन गेमसाठीही इथे काही नाही. बीजीएमआयसारख्या गेममध्ये समोर दुसरा माणूस असतो आणि त्याचा खेळ नासवणं ही उघड लबाडी आहे. एकट्याने, आपल्या यंत्रावर, आपल्याच वेळात केलेली उलथापालथ एवढीच मर्यादा मी मानली आहे. गणिताचं ज्ञान बेरीज-वजाबाकीपुरतं पुरेल. सोळाच्या पायावरची मोजणी लागेल तिथे शिकवली आहे. प्रोग्रामिंग येत असेल तर उत्तम, नसेल तर इथून सुरुवात होऊ शकते. बाइट, रॉम, डीबगर हे शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. साधा जुना लॅपटॉप पुरेल.

एक विनंती मात्र आहे. कळव्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी घरांच्या माळ्यांवर त्या पिवळ्या-काळ्या कॅसेट अजून पडून असतील. यंत्र चालत असेल तर एकदा लावा, मेनूची सगळी पानं फोटोत उतरवा, कॅसेट कुठून, कधीच्या सुमारास घेतली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. भंगारवाल्याला देण्याआधी एवढं तरी कराच. त्या यादीतल्या पुष्कळ ओळींमागे कुणीतरी बदललेला एखादा आकडा आहे. तो कोणत्या घरातला, हे पुस्तक संपेपर्यंत तुम्हाला स्वतःला सांगता यावं, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.